आभासी प्रभावकांवरील टीका

आभासी प्रभावकांवरील टीका म्हणजे संगणकावर घडवलेल्या, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या पात्रांच्या नावाने जाहिरात, गायन व मनोरंजन यांचा व्यवसाय करण्यावर घेतले जाणारे आक्षेप होत. अशा पात्रांना 'आभासी प्रभावक' किंवा 'व्हर्च्युअल इन्फ्लुएन्सर' म्हणतात. त्यांतील गाणाऱ्या पात्रांसाठी 'डिजिटल तारका', 'आभासी गायक' असे शब्द रूढ आहेत. जपान, अमेरिका व दक्षिण कोरिया येथे हा व्यवसाय आधी रुजला. भारतात तो प्रामुख्याने २०२२ नंतर वाढला आणि त्याचे मुख्य केंद्र मुंबई हे राहिले. पात्र खोटे आहे, एवढाच आक्षेप सहसा घेतला जात नाही. नाटक-चित्रपटांतील पात्रेही काल्पनिकच असतात. प्रसिद्धी व्यक्तीपासून वेगळी काढल्यावर मोबदला कोणाला मिळतो आणि चूक झाल्यास उत्तर कोणी द्यायचे, हे दोन प्रश्न या टीकेच्या मुळाशी आहेत.

संज्ञा व स्वरूप

समाजमाध्यमांवर मोठा अनुयायीवर्ग असलेल्या आणि त्या बळावर वस्तू वा सेवांची शिफारस करणाऱ्या व्यक्तीस 'प्रभावक' म्हणतात. आभासी प्रभावकाच्या बाबतीत हे खाते एखादी कंपनी चालवते. पात्राचे नाव, वय, गाव, आवडीनिवडी व स्वभाव लेखक ठरवतात. चेहरा व शरीर त्रिमितीय आरेखनाने किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार होते. आवाज कधी पडद्याआडच्या कलावंताचा, तर कधी यंत्राने निर्माण केलेला असतो. पात्राचे सर्व हक्क कंपनीकडे असतात आणि जाहिरातदाराशी करारही कंपनीच करते.

सर्वच आभासी पात्रे एका प्रकारची नसतात. काहींच्या मागे प्रत्यक्ष गाणारी वा बोलणारी व्यक्ती असते व तिच्या हालचाली यंत्राद्वारे टिपून पात्राला दिल्या जातात. काहींमध्ये मानवी सहभाग केवळ लेखन व संपादनापुरता उरतो. टीकेचा रोख मुख्यतः दुसऱ्या प्रकारावर, तसेच पहिल्या प्रकारातील कलावंताचे नाव दडवण्यावर आहे.

पूर्वपीठिका

कलावंताच्या प्रतिमेला त्याच्या व्यक्तित्वाहून मोठे स्थान मिळणे महाराष्ट्राला नवे नाही. बालगंधर्वांनी रंगभूमीवर उभ्या केलेल्या स्त्रीप्रतिमेचे अनुकरण त्या काळच्या स्त्रियांनी वेशभूषेत केले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९१८ साली ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक यांनी १९३२ च्या 'श्यामसुंदर'पासून पुढे अनेक चित्रपटांत श्रीकृष्णाची भूमिका केली. प्रभातच्या १९४० सालच्या 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटात ते ज्ञानेश्वर होते. देवाची वा संताची ती प्रतिमा कितीही भव्य असली, तरी तिच्यामागे नाव-गाव असलेला, मेहनताना घेणारा व भूमिका नाकारू शकणारा माणूस होता.

चेहरा व आवाज यांची फारकत पार्श्वगायनाने केली. पडद्यावर नटी, आवाज दुसरीचा, ही पद्धत १९४० च्या दशकात हिंदी व मराठी चित्रपटांत स्थिरावली. सुरुवातीस तबकड्यांवर गायिकेऐवजी पात्राचे नाव छापले जाई. 'महल' (१९४९) मधील गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून चित्रपटातील पात्राचे, 'कामिनी'चे, नाव होते. ते गाणे लता मंगेशकर यांनी गायिले होते. पुढे गायकांची नावे छापली जाऊ लागली आणि १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना स्वामित्वधन मिळावे, अशी मागणी लावून धरली. भारतीय प्रताधिकार कायद्यात १९९४ साली सादरकर्त्यांचे हक्क समाविष्ट झाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातील स्वामित्वधनाचा व नामनिर्देशाचा हक्क अधिक स्पष्ट झाला. 'आवाज माणसाचा, नाव पात्राचे' ही स्थिती बदलण्यास भारतात अनेक दशके लागली. आभासी गायकांमुळे तीच स्थिती परत येते, असा आक्षेप या इतिहासाच्या आधारे घेतला जातो.

जागतिक उदाहरणे

जपानच्या होरीप्रो या कलावंत-व्यवस्थापन कंपनीने १९९६ मध्ये क्योको दाते ही संगणकनिर्मित गायिका सादर केली. क्रिप्टन फ्यूचर मीडिया या सप्पोरो येथील कंपनीने २००७ मध्ये हात्सुने मिकू हे पात्र आणले. ते यामाहाच्या व्होकलॉइड या गायनप्रणालीवर आधारलेले असून त्याचा मूळ आवाज अभिनेत्री साकी फुजिता यांचा आहे. २०११ मध्ये एकेबी-४८ या जपानी गायिकासमूहाची नवी सदस्य म्हणून एका खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत दिसलेली एगुची आइमी प्रत्यक्षात समूहातील अनेक सदस्यांच्या चेहऱ्यांचे अवयव जुळवून तयार केलेली होती, हे नंतर जाहीर करण्यात आले.

अमेरिकेत २०१६ साली 'लिल मिकेला' हे खाते सुरू झाले. ते ब्रड या कंपनीचे असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. तोवर ती खरी की खोटी, याविषयी अनुयायांत वाद चालू होता. २०१९ मध्ये केल्विन क्लाइन या वस्त्रनिर्मात्याने मिकेला व मॉडेल बेला हदीद यांची चुंबनदृश्य असलेली जाहिरात केली. समलिंगी संबंधांचा विक्रीसाठी वापर केल्याची टीका झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षाच्या अखेरीस मिकेलाच्या तोंडी भाड्याच्या गाडीतील लैंगिक अतिप्रसंगाची कथा घालण्यात आली. ज्या पात्राला शरीरच नाही त्याने स्त्रियांच्या प्रत्यक्ष यातना 'अनुभव' म्हणून सांगाव्यात, यावर गायिका केहलानी हिच्यासह अनेकांनी आक्षेप घेतला.

२०१७ मध्ये ब्रिटिश छायाचित्रकार कॅमेरॉन-जेम्स विल्सन यांनी शुडू ही कृष्णवर्णीय आभासी मॉडेल घडवली. गौरवर्णीय निर्मात्याने कृष्णवर्णीय स्त्रीची प्रतिमा वापरून मिळकत करावी आणि प्रत्यक्ष कृष्णवर्णीय मॉडेलना काम मिळू नये, असा मुद्दा तेव्हा पुढे आला. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅपिटॉल रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीने एफएन मेका या आभासी रॅप गायकाशी करार केला. कृष्णवर्णीयांच्या विकृत चित्रणाचा आरोप झाल्याने थोड्याच दिवसांत तो रद्द करून कंपनीने माफी मागितली. या पात्राला सुरुवातीचा आवाज देणाऱ्या काइल द हूलिगन या कलावंताने आपल्याला मोबदला मिळाला नसल्याचे त्या वेळी सांगितले.

२०२५ मध्ये टिली नॉरवूड या कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेल्या 'अभिनेत्री'वरून वाद झाला. अमेरिकेतील सॅग-आफ्ट्रा या कलावंत संघटनेने ती अभिनेत्री नसून असंख्य कलावंतांच्या कामावर, त्यांच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून, तयार केलेले पात्र आहे, अशी भूमिका घेतली.

मुंबईतून घडवलेली पात्रे

टॉपसोशल इंडिया या कंपनीने २०२२ च्या आरंभी 'कायरा' हे खाते इन्स्टाग्रामवर सुरू केले. मॉडेल व प्रवासी अशी ओळख दिलेल्या या पात्राने ध्वनिउपकरणे बनवणाऱ्या बोट कंपनीसह काही उत्पादकांसाठी जाहिराती केल्या. त्याच वर्षी अवतार मेटा लॅब्सने 'नैना' हे पात्र आणले. झाशीहून मुंबईत अभिनेत्री होण्यासाठी आलेली तरुणी, अशी तिची कथा रचण्यात आली. लहान गावांतून मुंबईत येणाऱ्या असंख्य नवोदितांचा अनुभव या कथेमागे आहे. त्यांच्याच वाट्याची जाहिरात ज्याला मिळेल त्या पात्राला त्यांचीच जीवनकथा दिली गेली, हा यातील विरोधाभास होय.

कलावंतांचे व्यवस्थापन करणाऱ्या कलेक्टिव्ह आर्टिस्ट्स नेटवर्क या कंपनीने २०२५ मध्ये राधिका सुब्रमण्यम ही प्रवासवर्णने करणारी व काव्या मेहता ही मातृत्वाविषयी बोलणारी, अशी पात्रे सादर केली. 'त्रिलोक' हा भक्तिगीते गाणारा आभासी वाद्यवृंदही तिने निर्माण केला. याच समूहाच्या सहभागातून कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली 'महाभारत : एक धर्मयुद्ध' ही मालिका ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसारित झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये 'चिरंजीवी हनुमान' या कृत्रिम बुद्धिमत्तेने करावयाच्या चित्रपटाची घोषणा झाली, तेव्हा चित्रपट दिग्दर्शक अनुराग कश्यप व विक्रमादित्य मोटवाने यांनी जाहीर टीका केली. कश्यप यांचा आक्षेप तंत्रापेक्षा हितसंबंधांवर होता. लेखक, दिग्दर्शक व नटांचे प्रतिनिधित्व करून त्यांच्या कमाईतून हिस्सा घेणाऱ्या कंपनीनेच त्यांना वगळून चित्रपट काढावा, हे त्यांना अमान्य होते.

टीकेचे मुद्दे

*अनुभवावाचून शिफारस.* प्रसाधन त्वचेला कसे मानवते, खाद्यपदार्थाची चव कशी आहे, प्रवासात काय सोसावे लागले, हे सांगण्यास शरीर लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस ही करणाऱ्याचे प्रामाणिक मत असावी आणि ती पुरेशी माहिती किंवा वस्तूचा अनुभव यांवर आधारलेली असावी. आभासी पात्राला मत नसते व अनुभवही नसतो; त्याच्या मुखातून बोलते ती जाहिरातदाराची संहिता. मूल नसलेल्या, किंबहुना स्वतःच नसलेल्या 'आई'ने पालकत्वावर बोलण्याविषयीचा आक्षेप याच प्रकारचा आहे.

*श्रम व मोबदला.* एका जाहिरातीच्या छायाचित्रणात मॉडेलखेरीज रंगभूषाकार, केशभूषाकार, प्रकाशयोजनाकार, छायाचित्रकार व त्यांचे मदतनीस यांना काम मिळते. आभासी पात्रामुळे हे काम आरेखकांच्या लहान गटाकडे किंवा यंत्राकडे जाते. उरलेल्या मानवी कामालाही नाव मिळत नाही. मराठी लावणी व पोवाड्यांत शेवटच्या कडव्यात शाहिराची नाममुद्रा असते. त्यामुळे रचना गावोगाव फिरली, तरी कर्ता हरवत नाही. आभासी तारकेच्या गाण्यात मात्र नाव पात्राचे, हक्क कंपनीचे आणि कर्ता अज्ञात, अशी रचना असते.

*उत्तरदायित्व.* ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारसकर्त्यास १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा दोष घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला एक वर्ष व पुढे तीन वर्षांपर्यंत शिफारस करण्यास मनाईही करता येते. दंड कंपनीकडून वसूल करता येईल; परंतु मनाईची शिक्षा माणसाच्या नावाला व प्रतिष्ठेला लागते. एक चेहरा बंद करून त्याच कंपनीला दुसऱ्या नावाने नवा चेहरा आणता येत असल्याने या शिक्षेचा धाक राहत नाही.

*देहप्रतिमा.* बहुतेक आभासी प्रभावक तरुण, सडपातळ, निर्दोष त्वचेच्या स्त्रिया आहेत. त्यांना वय वाढत नाही, आजार होत नाही, थकवा येत नाही. अशा प्रतिमेशी तुलना करणाऱ्या किशोरवयीन मुलींना ती प्रतिमा कोणत्याही प्रयत्नाने गाठता येणार नाही. छायाचित्रांत फेरफार करण्याची प्रथा जुनी असली, तरी तिथे निदान मूळ व्यक्ती होती.

*आज्ञाधारकता.* पात्र कामाचे तास, मानधन वा अपमानास्पद दृश्य यांविषयी तक्रार करत नाही, हा गुण म्हणून जाहिरातदारांना सांगितला जातो. टीकाकारांच्या दृष्टीने तोच दोष आहे. कारण नकार देणाऱ्या कलावंताशी वाटाघाटी करण्याची गरज त्यामुळे संपते.

आवाजाचा प्रश्न व न्यायालयीन निर्णय

आभासी गायकासाठी लागणारा आवाज अनेकदा प्रत्यक्ष गायकांच्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राला शिकवलेला असतो. या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाचे दोन आदेश महत्त्वाचे आहेत. गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात न्यायमूर्ती आर. आय. छागला यांनी जुलै २०२४ मध्ये अंतरिम आदेश देऊन, संमतीशिवाय गायकाच्या आवाजाची यांत्रिक नक्कल उपलब्ध करून देण्यास मनाई केली. गायिका आशा भोसले यांच्या दाव्यात न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये तसेच अंतरिम संरक्षण दिले. नाव, प्रतिमा व आवाज यांवर व्यक्तीचा हक्क असतो, हे 'व्यक्तिमत्त्व हक्क' तत्त्व या आदेशांचा आधार आहे.

संमतीने केलेल्या वापराचे उदाहरणही आहे. 'लाल सलाम' (२०२४) या तमिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी संगीतकार ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या व शाहूल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राद्वारे वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेऊन मोबदला दिल्याचे त्यांनी स्पष्ट केले होते. तरीही मृत कलावंताच्या वतीने संमती देण्याचा अधिकार कितपत मान्य करावा, यावर मतभेद आहेत.

लोककलावंतांची स्थिती

व्यक्तिमत्त्व हक्काचे संरक्षण मुख्यतः प्रसिद्ध व्यक्तींना उपयोगी पडते, कारण न्यायालयापुढे आपली ओळख व तिचे व्यापारी मूल्य दाखवावे लागते. ही मर्यादा अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या लोककलेच्या प्रदेशात विशेष जाणवते. जिल्ह्यातील संगमनेर हे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचे गाव. तमाशाच्या फडाचे नेतृत्व करणाऱ्या व राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराच्या मानकरी कांताबाई सातारकर यांचे वास्तव्यही संगमनेरला होते. मे २०२१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

तमाशाच्या फडात गायिका, नर्तकी, सोंगाड्या, ढोलकी व हलगी वादक आणि राहुट्या उभारणारे कामगार असतात. यात्रा-जत्रांच्या हंगामातील सुपाऱ्यांवर त्यांचा वर्ष निभावतो. प्रताधिकार कायद्यातील 'सादरकर्ता' या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार व गारुडी यांचाही उल्लेख आहे. म्हणजे फडातील कलावंतही हक्काचे धनी आहेत. परंतु त्यांचे गायन मोबाइलवर चित्रित होऊन सर्वत्र पसरते, त्याची नोंद कोणाकडे नसते आणि एखाद्या यंत्राने त्यांच्या गायकीची ढब उचलली, तर ती कोणाची हे सिद्ध करणे कठीण असते. जिल्ह्यातील दावे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जातात. तेथवरचा खर्च हंगामी मिळकतीच्या कलावंताला पेलणारा नाही. गायकीची शैली म्हणजे विशिष्ट आवाज नव्हे, त्यामुळे शैलीच्या अनुकरणाला प्रचलित कायद्यात पुरेसा प्रतिबंधही नाही. नामवंत गायिकेला मिळालेले संरक्षण अनामिक लावणी गायिकेपर्यंत कसे पोहोचवावे, हा या चर्चेतील अनुत्तरित प्रश्न आहे.

नियमन

भारतीय जाहिरात मानक परिषद (मुंबई) या स्वयंनियामक संस्थेने मे २०२१ मध्ये प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत आभासी प्रभावकाची स्वतंत्र व्याख्या असून, आपण खऱ्या माणसाशी संवाद साधत नाही हे ग्राहकाला कळवणे बंधनकारक केले आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांतही प्रसिद्ध व्यक्ती व प्रभावकांबरोबर आभासी प्रभावकांचा समावेश आहे. जाहिरातदाराशी असलेला आर्थिक संबंध ठळकपणे सांगणे त्यांनुसार आवश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्तीनुसार कृत्रिमरीत्या निर्माण केलेल्या दृक्‌श्राव्य मजकुरावर तसा निर्देश करणे फेब्रुवारी २०२६ पासून आवश्यक झाले.

या तरतुदींचा भर प्रकटीकरणावर आहे. पात्र आभासी आहे हे ग्राहकाला कळते. मात्र त्यामागे कोणाचा आवाज व कोणाचे श्रम आहेत, हे कळवण्याची सक्ती नाही.

समर्थकांची बाजू

समर्थकांच्या मते आभासी पात्र हा कथनाचा नवा प्रकार असून व्यंगचित्रातील वा बाहुल्यांच्या खेळातील पात्रांहून तो तत्त्वतः भिन्न नाही. त्यातून आरेखक, लेखक व तंत्रज्ञ यांना रोजगार मिळतो. छायाचित्रण न परवडणाऱ्या लहान उत्पादकांनाही जाहिरात करता येते. प्रत्यक्ष कलावंतांना समाजमाध्यमांवर सोसावा लागणारा छळ पात्राला भोगावा लागत नाही. आपला चेहरा दाखवू न इच्छिणाऱ्या गायकांनाही आभासी रूप उपयोगी पडते. दक्षिण कोरियातील प्लेव्ह या २०२३ साली आलेल्या गायकसमूहात पात्रांमागे प्रत्यक्ष गाणारे कलावंत आहेत.

हात्सुने मिकूचे उदाहरण समर्थक आवर्जून देतात. क्रिप्टन कंपनीने चाहत्यांना या पात्राचा विनाव्यापारी वापर करण्यास मुक्त परवानगी दिल्याने हौशी संगीतकारांनी तिच्यासाठी असंख्य गाणी रचली. ती त्या त्या रचनाकाराच्या नावाने ओळखली जातात आणि मूळ आवाज देणारी अभिनेत्रीही सर्वांना ठाऊक आहे. टीकाकारांनाही हे उदाहरण सोयीचे ठरते. कारण पात्र आभासी असूनही त्यामागील माणसांची नावे राखता येतात, हे त्यावरून दिसते.

हे सुद्धा पहा

* प्रताधिकार
* पार्श्वगायन
* तमाशा
* शाहू मोडक
* अनंत फंदी
* कृत्रिम बुद्धिमत्ता